आदर्श गृह, प्रथम श्रेणी

शिबुकावा गावच्या तिसऱ्या वॉर्डातील रहिवासी हिरोनोबु नेगीशी (वय अडुसष्ट, पाणीखात्यातून सन्मानाने निवृत्त) यांनी गेल्या वसंतात विजेवर चालणारी एक छोटी गाडी घेतली. कारण एकच. पत्नी सुमीए यांची थोरली बहीण योने डोंगरापलीकडे तोकामाचीच्या वृद्धाश्रमात होती आणि तिला हळूहळू माणसांचा विसर पडत चालला होता. ट्रेनने जायचं तर तीनदा गाडी बदलायची, आणि सुमीएबाईंच्या गुडघ्यांना जिन्याचं नाव काढलं तरी कापरं भरतं. बहीण ओळखतेय तोवर भेटून यावं, एवढीच त्यांची मागणी होती. मी शेजारी आणि आमच्या शेजारगटाचा यंदाचा गटप्रमुख असल्यामुळे हे मला अधिकृतरीत्या ठाऊक आहे.

गाडी म्हटली की चार्जिंग आलं, आणि चार्जिंग म्हटलं की घरासाठी वीजदर योजना निवडणं आलं. अशा योजना नेगीशीसानना (आमच्याकडे आदराने नावापुढे 'सान' लावतात) चारशे बारा सापडल्या. त्यांचा तक्ता करण्यात पावसाळा सरला.

"अहो, या रविवारी जाऊन येऊ या ना," सुमीएबाई म्हणाल्या.

"योजना न ठरवता गाडी बाहेर काढायची? अगं, काही रीतभात आहे की नाही?"

अखेर वीज कंपनीचे मोगी नावाचे सल्लागार घरी आले. कमरेत तीनदा वाकून त्यांनी एक योजना पुढे सरकवली. रात्री एक ते पाच वीज जवळजवळ फुकट, दिवसा चौपट महाग. दिवसाचा वापर मर्यादेत राहिला तर घराला 'आदर्श गृह' ही श्रेणी. गाडी घराबाहेर कुठेही चार्ज केली, तर मात्र अत्यंत खेदपूर्वक श्रेणी रद्द, आणि फेरअर्ज दोन वर्षांनी. तोकामाचीला जाऊन यायचं तर वाटेत एकदा चार्जिंग करावंच लागतं, हे तक्त्यात कुठेच नव्हतं. नेगीशीसाननी करारावर सहीचा शिक्का मारला.

दिवसाची वीज पाप ठरल्यावर घरातली सगळी कामं रात्रीत गेली. पण घराचा करार चाळीस अँपिअरचा. गाडी, वॉशिंग मशीन आणि भाताचा कुकर एकदम लागले की मेन स्विच पडायचा. म्हणून फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं गेलं: भात दोन चाळीस, कपडे चार. सुमीएबाई गजर लावून उठू लागल्या.

शेजाऱ्यांची झोप उडाली. आमच्याकडे तोंडावर तक्रार करणं असभ्य मानतात, म्हणून घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या फायलीत मी लिहिलं, "पहाटे चार वाजता एका कष्टाळू कुटुंबाच्या वॉशिंग मशीनचा उत्साही आवाज सर्वांच्या कौतुकाचा विषय झाला आहे." प्रत्येक घराने 'वाचलं' म्हणून शिक्का मारला. नेगीशीसाननीही मारला आणि फाइल अदबीने पुढच्या घरी पोचवली. दुसऱ्या दिवशी ते दहा घरांत मिठाईचे डबे घेऊन गेले आणि झालेल्या आवाजाबरोबर पुढच्या आवाजाचीही आगाऊ माफी मागून आले. एवढ्या सौजन्यापुढे कोण काय बोलणार!

शरदात वृद्धाश्रमातून फोन आला. योनेबाई आता नर्सलाच 'सुमीए' म्हणून हाक मारत होत्या.

"आता तरी चला हो," सुमीएबाई म्हणाल्या.

"महिनाअखेर श्रेणीचं मूल्यमापन आहे. एक तारखेला निघू."

"गेल्या महिन्यातही हेच म्हणालात!"

"मूल्यमापन दर महिन्यालाच असतं, त्याला मी काय करणार?"

एक तारखेला गाडी निघाली नाही, मोगी आले. सोबत एक पेटी होती. ती भिंतीला लावली की रात्री गाडीत भरलेली वीज दिवसभर घराला पुरवता येते. दिवसाचा वापर शून्य, श्रेणी थेट प्रथम. फक्त गाडी जागेवरून हलता कामा नये.

"म्हणजे आपण फ्रिजसाठी गाडी घेतली?" सुमीएबाईंनी माझ्यादेखत विचारलं.

"फ्रिज, दिवे आणि टीव्ही," नेगीशीसाननी दुरुस्ती केली.

मला असा संताप आला की त्यांची कॉलर धरावी. परंतु गटप्रमुखाने कॉलर धरण्याची तरतूद नियमावलीत नाही. मी चहा चांगला झाल्याचं सांगून उठलो.

नोव्हेंबरात एका सकाळी सुमीएबाई कठड्याला धरून धरून एकट्याच स्टेशनचा जिना चढल्या. त्याच दिवशी प्रमाणपत्र आलं. नेगीशीसाननी ते वॉर्डाच्या सभागृहात दाखवलं. सव्वीस घरांची माणसं हजर होती. सगळ्यांनी वह्या काढून योजनेचं नाव विचारलं. सुमीएबाई कुठे आहेत, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझ्या वहीचं पान भरलं होतं, म्हणून मी हातावर लिहून घेतलं.

हा वृत्तांत मी त्यानंतर पुष्कळांना सांगितला. सगळे नेगीशीसानना हसतात, आणि हसून झालं की आवाज खाली आणून तेच विचारतात. तुमचीही चुळबुळ मघापासून दिसते आहे. घ्या लिहून: 'उबदार चंद्र, ब'. अर्ज महिनाअखेरपर्यंत.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, योनेबाईंनी बहिणीला ओळखलं नाही.