कोपर-ढोपराची मोहीम, मुक्काम चोपडे

श्री सातेरी प्रसन्न. शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सर, आश्विन वद्य अष्टमी, गुरुवार, ते दिवशी शापोरा नदीचे काठी चोपडे मुक्कामी बालवाडीत जे घोर रण माजले, त्याची हकीकत पुसाल तर ऐसी जे, मजकूर लिहिणार खिडकीबाहेर जातीने उभा होता आणि एक अक्षर लटके लिहील तर त्यास सातेरीची आण.

गोमंतकास राज्याचा दर्जा मिळोन पुरते पाच मास न जाहले, तो तालुक्याचे कचेरीतोन फर्मान सुटले की, मुख्यसेविका कमलाक्षीबाई खासा येऊन पोरांचा इम्तिहान घेतील. पोरांनी अंगाचे अवयव बिनचूक दाखविले तर बरे, न दाखविले तर बालवाडी उठवोन मांद्र्यास सामील करावी. आता मांद्रे दोन कोस आणि फौजेत वडील म्हणावा तो चार वर्षांचा. ती पावले दोन कोस चालणार कैसी? बालवाडी उठली म्हणजे चौदा पोरे घरीच बसली. हे जाणोन बालवाडीच्या बाई, सौभाग्यादिसंपन्न सुमंगलाबाई, यांच्या तोंडचे पाणी पळाले.

प्रथम त्यांनी अवयवांचा तक्ता भिंतीस लाविला. तो प्रज्योत नामे शिलेदाराने खालचा कोपरा चावोन पायांचा मुलूख गिळंकृत केला आणि बाकी फौज जांभया देऊ लागली. मग बाईंनी मसलत केली. दिवाळी तोंडावर, वाड्यावाड्यांतून पोरे नरकासुर उभारीत होती, बाईंनीही उभारिला. गोणपाटात गवत कोंबोन पोट केले आणि मडक्याचे डोके, करवंट्यांचे डोळे, वांग्याचे नाक, झावळीचे कान ऐसा सरंजाम टोपलीत ठेविला. बाईंनी "नाक" म्हणावे आणि पोरांनी धावोन वांगे खोचावे. रोज जोडावा, रोज मोडावा. आठ दिवसांत फौज ऐसी तयार जाहली की टाच म्हणताच टाच आणि भुवई म्हणताच भुवई हजर. बाई निर्धास्त जाहल्या. तेथेच चुकले, पण हे त्यांस कोण सांगणार?

गुरुवारी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजोन पाव वाटले गेले आणि पाठोपाठ कमलाक्षीबाई छत्री मिटीत दाखल जाहल्या. मुद्रा कडक, हाती वही. त्यांनी आपल्याच नाकास बोट लावोन हे काय ऐसे पुसिले. चौदा कंठांतोन एकच गर्जना उठली, "नरकासुराचां नाक!"

बाईंनी डोळे मिटले. मुख्यसेविकेने कानास बोट लाविले तो नरकासुराचे कान, पोटास लाविले तो नरकासुराचे पोट! अहो, जिने उन्हातान्हात दहा गावे तुडविली तिचा एका सकाळी असुर जाहला, तिने कोणत्या तोंडाने शाबासकी द्यावी? कमलाक्षीबाईंनी वहीत काही लिहिले आणि हुकूम केला की हे बुजगावणे नजरेआड करा, मग पाहू. मग प्रज्योत आणि सिद्धी यांनी असुरास खांद्यावर घेतले आणि उंबऱ्यात असुराचा पाय अडकोन सिद्धी पायरीवर आदळली.

"माजां ढोपर!" ती कळवळोन ओरडली. "बाये, माजां ढोपर फुटलां!"

बाई धावल्या आणि दगडीपाला चुरडोन लावू लागल्या. तो प्रज्योताने, आपली जखम कमी लेखली जाईल या भयाने, सदरा वर केला आणि हे माजे पोट, येथे कढत पेज सांडली होती, ऐसे जाहीर केले. मग काय विचारता! बेळगावच्या गवंड्याची पोर प्रतीक्षा पुढे होऊन आपली टाच दाखवू लागली, जीत खिळा गेला होता. बाबलीने कान दाखविला, ज्यात चणा अडकला होता. आणि एकेक वीर आपापले घाव मिरवीत, ज्या अवयवावर घाव त्याचे नाव बिनचूक सांगत, मुख्यसेविकेस घेरोन उभा राहिला. नरकासुराचे नाव कोणी काढिले नाही. तो बापडा उंबऱ्यात आडवा होता.

मग कमलाक्षीबाईंनी वही खाली ठेवोन बाही वर सारिली आणि त्या सिद्धीपुढे बसल्या. त्यांच्या हातावर जुना, लांबट व्रण होता.

"ह्यां माजां कोपर. मये गावाक फणसावरसून पडललंय, तेव्हाचां."

सिद्धीने व्रणावर बोट फिरवोन पाहिले आणि पुसिले, "रडललंस?"

"बरांच," मुख्यसेविका बोलल्या.

मग त्यांनी वही उचलोन आधी लिहिलेले खोडिले आणि उभ्यानेच शेरा दिधला की, येथील पोरांस अवयव ठावे आहेत आणि कोणता कोठे दुखतो हेही ठावे आहे. सबब बालवाडी चोपडे मुक्कामीच कायम असावी. सुमंगलाबाईंनी तो दोनदा वाचिला आणि पदराने डोळे पुसिले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दुसरे दिवशी हजेरीस चौदा पोरे रुजू. त्यांत सिद्धी लंगडत, पण सर्वांच्या आधी.