तलासरीला जाऊन बघावं लागेल

आमच्या डहाणूच्या ऑफिसातला पंखा कुरकुरायला लागला, की महादूभाऊ त्याच्याखाली उभा राहायचा, वैद्यासारखी मान तिरपी करायचा, 'च्च' करायचा आणि म्हणायचा, "तलासरीला जाऊन बघावं लागेल."

पंखा डहाणूत. कुरकुर डहाणूत. बघायचं मात्र तलासरीला! प्रिंटरनं कागद गिळला, तलासरी. टेबलाचा पाय लुळा पडला, तलासरी. एकदा माझी दाढ ठणकत होती, तर माझ्या उघड्या तोंडात टॉर्च मारून या गृहस्थानं तेच निदान केलं.

आमचा धंदा फुग्यांचा. माल तयार होतो तलासरीच्या कारखान्यात, ऑर्डरी घेतो आम्ही डहाणूत, आणि अर्ध्या हिंदुस्थानचे वाढदिवस आमच्या जिवावर साजरे होतात. महादूभाऊ आमचा कॉम्प्युटरपासून कुलपापर्यंत सगळ्यांचा डॉक्टर. अंगानं असा टाचणीसारखा, की तो गोदामात शिरला की माझा जीव खालीवर व्हायचा.

शेवटी शेठ कावले. "पंखो अहीं छे, ने तू त्यां शूं जोवानो?" मग मराठीत आले, म्हणजे राग खरा होता. "दोन्ही ठिकाणी राउटर बसव. दोन्ही ऑफिसं जोडून टाक. तुझ्या या फेऱ्या बंद झाल्या पाहिजेत!"

महादूभाऊच्या चेहऱ्यातली हवाच गेली. पण काम म्हणजे काम. राउटर म्हणजे माहितीच्या पाकिटांना वाट दाखवणारा डबा. ओळखीचा पत्ता असला तर प्रश्न नाही. अनोळखी असला तर पाकीट कुठे ढकलायचं, हा हुकूम हातानं लिहून ठेवावा लागतो. त्याला म्हणतात डिफॉल्ट रूट. महादूभाऊनं तो दोन्हीकडे लिहिला आणि तलासरीचा माल डहाणूच्या पडद्यावर दिसायला लागला. शेठनी पेढे मागवले.

पेढा तोंडात जातो न जातो तोच कळलं, की बाहेर इंटरनेटवर चिटपाखरू जात नाही. अहमदाबादचं गिऱ्हाईक मेलची वाट बघतंय आणि मेल हलत नाही!

"तलासरीला..." महादूभाऊनं सुरुवात केली.

"जा!" शेठ ओरडले. "आणि याला सोबत ने. तिथे जाऊन तू नक्की काय बघतोस, ते हा बघून येईल."

'हा' म्हणजे मी.

चारोटीपर्यंतच्या जीपमध्ये इतकी माणसं, की ड्रायव्हर बाहेर लटकून गाडी चालवत होता आणि एक कोंबडी माझ्या मांडीवर अंडं घालून मधल्याच एका थांब्यावर उतरून गेली. चारोटीला जीप बदलली, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला चालत्या गाडीतून हात जोडले आणि तलासरीच्या कारखान्यात पोचलो. महादूभाऊनं राउटरकडे पाहिलं. "च्च. झरीला जाऊन बघावं लागेल."

तिथून जवळच झरीला त्याची आय. एकटी. ओटीवर बसलेली. हा तिच्या पुढ्यात उकिडवा बसला, अगदी तोंडासमोर तोंड.

"जेवलीस, आय?"

"तू जेव. मंग मी."

"तू आधी."

"तू दमून आलास, पोरा. तू आधी."

नागलीच्या भाकरीचं ताट तिनं त्याच्याकडे सरकवलं. त्यानं तिच्याकडे. तिनं पुन्हा त्याच्याकडे. भाकर निवत चालली होती आणि मी भुकेनं पारदर्शक झालो होतो. शेवटी मीच हात घालून भाकर मोडली, तेव्हा कुठे दोघांनी घास घेतला.

महादूभाऊचा घास हातातच राहिला. तो ताटाकडे बघत होता.

"आयला! दोन्हीकडे तेच लिहिलंय मी. तलासरीला सांगितलं, माहीत नसेल तर डहाणूला पाठव. आणि डहाणूला सांगितलं..."

"तलासरीला पाठव?"

"हात गेला सवयीनं," तो म्हणाला.

बिचारी पाकिटं इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकून सरकून मरत होती!

कारखान्यात परत येऊन त्यानं तिथूनच डहाणूचा राउटर उघडला. तलासरीचं असेल ते तलासरीला, बाकी सगळं बाहेर, इंटरनेट कंपनीकडे. मेल सुटला. लगेच शेठचा फोन. "वा! तिथे बसून इथलं दुरुस्त केलंस? म्हणजे इथे बसून तिथलंही होईल! बस, फेऱ्या बंद!"

परतीच्या जीपमध्ये बसलो. मीच म्हणालो, "अरे, आयला फोन करत जा रोज."

"फोनवर तिला ऐकू येत नाय," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "समोर तोंड दिसलं, तरच समजतं."

सोमवारी पंखा कुरकुरला. महादूभाऊनं मान तिरपी केली नाही, 'च्च' केलं नाही. मुकाट्यानं स्टूल ओढलं आणि तेलाची बुधली घेतली. तेवढ्यात शेठ केबिनबाहेर आले.

मी वर पाहिलं. मान तिरपी केली. "च्च. शेठ, हे इथे बसून होणारं काम नाही. तलासरीला जाऊन बघावं लागेल."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मग स्टुलावरच्या महादूभाऊकडे. झरीत काय बघितलं, ते मी त्यांना परत आल्याआल्याच सांगितलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही.

"बहु खराब छे?" त्यांनी विचारलं.

"फारच."

"मग एकदा बघून काय होणार? दर आठवड्याला बघावं लागेल."

पंखा अजून कुरकुरतो. तेलाची बुधली माझ्या कपाटात आहे, कुलूपबंद.