किटलीची डागडुजी

सासऱ्यांच्या स्टीलच्या किटलीची मूठ निखळली आणि ती दुरुस्त करून द्यायचं जावयाने आपणहून अंगावर घेतलं. तिथेच सगळं बिनसलं.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली. हात काळे न करता केलेल्या कामाला ते काम मानत नसत. आपला धातुतज्ज्ञ जावई सूक्ष्मदर्शकातून स्टील बघतो, एवढं त्यांना माहीत होतं. पण "बघून पुढे काय करता?" हा प्रश्न लग्नाला बारा वर्षं झाली तरी ते दर भेटीत विचारत. आता एकदाचं उत्तर द्यायचंच, असं जावयाने ठरवलं.

प्रयोगशाळेतला वेल्डर म्हणाला, "साहेब, दोन टाके मारतो आणि लगेच पाण्यात घालतो. पाच मिनिटांचं काम."

"छे छे! सासऱ्यांची आहे. सावकाश कर, सांध्यावरून तीन-तीनदा फिरव."

"जास्त तापेल हो."

"तापू दे, पण पक्कं कर."

खात्री म्हणून किटली आठवडाभर घरीच वापरली. आठव्या दिवशी मुठीपासून बोटभर अंतरावर तपकिरी पट्टा उमटला.

"गंज?" बायकोने विचारलं. "हाच ना रे तुझा विषय?"

विषय हाच होता. स्टीलला गंजापासून राखतं ते त्यातलं क्रोमियम. स्टील नको त्या तापमानाला रेंगाळलं, की हे क्रोमियम स्टीलच्या बारीक कणांच्या सीमेवर जाऊन कार्बनशी संसार थाटतं. शेजारची जागा उघडी पडते आणि गंज नेमका तिथे शिरतो. जावई हे दरवर्षी पन्नास जणांना शिकवत असे. पण सासऱ्यांची वस्तू हातात आली आणि अक्कल गहाण पडली.

उपायही त्याला तोंडपाठ होता. त्याने किटली भट्टीत लालभडक तापवून झटकन पाण्यात बुडवली. रोग गेला, पण किटली काळीठिक्कर पडली. काळेपणा घालवायला ती आम्लात ठेवली, तर राखाडी आणि खरखरीत होऊन बाहेर आली. मग पॉलिश करणं आलं. ते इतकं झालं, की बायकोने किटलीत बघून केस सारखे केले.

सासऱ्यांनी डोळ्याला भिंग लावून किटली उलटसुलट केली.

"ही कुणाची?"

"तुमचीच, बाबा." आणि त्याने कण, सीमा, क्रोमियम, सगळं सविस्तर सांगितलं.

सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, कशाला एवढ्या थापा मारताय? नाही जमलं तर नाही जमलं. नवीकोरी आणलीत, मन मोठं केलंत. मी आपला उगाच तुम्हाला चिकट समजत होतो."

बारा वर्षांतलं हे पहिलं कौतुक. जावयाला गहिवरून आलं. खरं पटवावं तर हे कौतुक जातं आणि गप्प बसावं तर सगळी विद्या पाण्यात जाते. बायकोने कोपराने ढोसलं. तो गप्प बसला.

"फक्त आमची जुनी तेवढी उद्या आणून द्या," सासरे म्हणाले. "तिच्यातल्या चहाची चव वेगळी. कोपऱ्यावरचा वेल्डर दोन मिनिटांत टाका मारून देईल."

दुसऱ्या दिवशी जावई जुन्या भांड्यांच्या दुकानात उभा होता. दुकानदाराने घासूनपुसून एक चकचकीत किटली पुढे ठेवली.

"ही नको," जावई हळू आवाजात म्हणाला. "थोडी गंजलेली दाखवा. मूठ तुटलेली असली तर फारच उत्तम."