दोन काकड्यांची बोली

आमच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर देणगीदारांची नावं वाचायला सुरुवात झाली, की तिसऱ्या बाकावरून फट्‌ असा आवाज येतो. इनासमामांनी छत्री उघडलेली असते. पंख्याखाली, भर उन्हाळ्यातसुद्धा. शेवटचं नाव होईपर्यंत ते छत्रीत तोंड घालून बसतात आणि मागच्यांना फादर दिसत नाहीत. फादरांनी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "नावांचा पाऊस पडतो, फादर. मला सर्दी होते."

इनासमामा मूळचे चिंचणीचे. तारापूरच्या एका कारखान्यात टर्नर, मग फोरमन म्हणून जन्म काढला आणि आता बोईसरला आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. एकटे राहतात म्हणजे दिवसभर कुणाशी तरी भांडतात. बहुतेक वेळा माझ्याशी. मी बढती मिळावी म्हणून पैसे भरून खास मिस्सा सांगितली, तेव्हा त्यांनी मला जिन्यात अडवलं. "येशू तुज्या कंपनीत एचआरला लागलाय काय?" बेकरीवाल्याने गल्ल्यावर क्रूस टांगला, तर त्याला भर गिऱ्हाइकांत ऐकवलं, "गल्ल्यावर नको, वजनकाट्यावर टांग." शेवटी पालुपद ठरलेलं: "देवाकडे काउंटर नाय."

खरं सांगायचं तर मला या माणसाचा मनापासून राग यायचा. चर्चचं छप्पर गळतं, विजेचं बिल येतं. ते काय यांच्या पालुपदावर भरायचं?

त्यात यंदाचा आगेरा आला. आगेरा म्हणजे आमचा नव्या पिकाचा सण. शेतातलं पहिलं फळ वेदीपाशी ठेवायचं आणि मिस्सेनंतर अंगणात त्याचा लिलाव करायचा. कुणी काय आणलं ते पुकारतात, लोक हौसेने चढी बोली लावतात, पैसे चर्चला जातात. गेल्या वर्षी लिलाव इतका लांबला की जेवणं थंड झाली. म्हणून यंदा चर्चच्या समितीत मीच सूचना मांडली: मोठ्या वस्तू तेवढ्या पुकारायच्या, किरकोळ भाजीपाला एका टबात टाकून एकदम विकायचा. सगळ्यांना पटली. मलाही माझं कौतुक वाटलं.

एका लेबर ठेकेदाराने आणलेला तीन मजली केक मी माईकवरून पहिला पुकारला. केक कुठल्या शेतात पिकतो, हे विचारायची सोय नव्हती. टाळ्या चालू होत्या आणि इनासमामा टबापाशी उभे होते. शेजारी सालोमी, मनोरच्या पलीकडच्या डोंगरातली विधवा. पावसावर पिकवलेल्या दोन काकड्या घेऊन ती दोन गाड्या बदलून आली होती. आता टबात हात घालून त्याच शोधत होती.

"माज्या पुकारल्या काय?" तिने मामांना विचारलं. "दर साली पुकारतात."

मामा तडक ओट्यावर चढले आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला. "सालोमीच्या दोन काकड्या. माजे शंभर." कुणी पुढे बोलेना. "दोनशे." तेही त्यांचेच. "तीनशे." म्हातारा स्वतःवरच चढत चाललेला बघून लोक हसायला लागले. मी भडकलो. "मामा, नावं वाचली की छत्री उघडता, आणि आता नाव पुकारायला भांडता?"

"पुकारायची तर सगळ्यांची पुकारा, नायतर कुणाचंच नको," ते माईकवरच म्हणाले. "येशू दानपेटीसमोर बसलेला, तवा तो कुणाकडे बघत होता? ठेकेदाराकडे, का दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे?"

हसणं थांबलं. सालोमी पदर सावरून ताठ उभी राहिली. काकड्या पाचशेला मामांनाच सुटल्या. मला भयंकर राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढायचा ते समजेना.

दुपारी त्यांच्या घरी गेलो. चारचौघांत माईक हिसकावणं शोभतं का, एवढं तरी विचारायचंच होतं. मामा काकडी चिरत होते. त्यांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली.

"नताल दर आगेऱ्याला आळू न्यायची," ते म्हणाले. नतालमामी म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. "आमच्या चिंचणीच्या परसातलं. ज्या साली मी फोरमन झालो, त्या साली मला लाज वाटली. फोरमनच्या घरनं आळू? तिची जुडी मी स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि बेकरीतला केक नेला. माजं नाव पुकारलं माईकवर."

माझ्या डोळ्यांसमोर माझा टब आला.

"मामी काय बोलल्या?"

"काय बोलणार? परत कधी आळू लावलं नाय." त्यांनी सुरी खाली ठेवली. "पण त्या दिवशी सगळ्यांत जोरात टाळ्या तिनंच वाजवल्या."