कोणत्या पायाने लंगडावे याबाबत

दिंद्रूडच्या सरकारी कचेरीतले अंगदराव कारकून सोमवारी सकाळी कपाळाला हात लावून बसले होते. बदलीचा हुकूम आला होता, तोही जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आष्टीच्या पुढं. मुलगी धनश्री यंदा दहावीला, आणि पोरीला गणित शिकवणारे घरात ते एकटेच. म्हणून त्यांनी बदली रद्द करण्याचा अर्ज ठोकला आणि कारण दिलं कंबरदुखी. झाली का पंचाईत! कंबर ठणठणीत, आणि शुक्रवारी बीडला डॉक्टरांपुढं लंगडत जायचं.

"कोणत्या पायानं लंगडायचं ते तरी ठरवा," बायको दिपालीबाई घरी सकाळीच करवादल्या होत्या. "काल उजव्या पायानं लंगडलात, आज डाव्या. शेजारच्या भिवराबाई इचारत व्हत्या, दोनी पाय गेले का म्हणून."

हे नेटवर बघावं, तर कचेरीत नेट बंद. लोक दिवसभर मॅच बघतात म्हणून विजयसिंह साहेबांनी ते बंद करून टाकलं होतं. चालू होता फक्त ईमेल. तो शेजारच्या टेबलावरची सायली बघायची. अंगदरावांनी आजवर त्याला हात लावला नव्हता.

"काका, मेलमधूनच नेटवर शोधता येतंय की," सायली म्हणाली. "ह्या बाजूच्या चौकटीत लिवायचं आन् एंटर मारायचं. मी जरा माजलगावला मीटिंगला जाऊन येते."

एवढं सोपं होतं हो! पण अठ्ठावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस सोपं ते सोपं ठेवील तर शपथ. चौकट बोटभर. त्यात ना विषय, ना संदर्भ. माहिती मागायची आणि विषय लिहायचा नाही, हे त्यांच्या हाताला जमेना. शोधता शोधता त्यांना एक भलीमोठी, ऐसपैस चौकट सापडली, आणि तिच्यात चक्क 'विषय' असं छापलेलंच होतं. ते नवं ईमेल लिहायचं पान होतं, हे त्यांना कोण सांगणार!

त्यांनी बोटानं एकेक अक्षर टिपलं. "विषय : कंबरदुखी असलेला कर्मचारी कोणत्या पायाने लंगडतो, याबाबत माहिती मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर की..." वरच्या ओळीत 'मा.' लिहिताच मा. साहेबांची सगळी यादीच खाली उघडली. यंत्रालाही कार्यपद्धती कळते, हे बघून अंगदरावांना भरून आलं. प्रत माहितीस्तव म्हणून त्यांनी यादीतलं एकूण एक नाव दाबलं आणि पत्र सोडलं.

दुपारपर्यंत उत्तर नाही. "सेकंदात सांगतं म्हंत्यात. सरकारी नेट दिसतंय," असं पुटपुटत त्यांनी स्मरणपत्र क्रमांक एक धाडलं. तीन वाजता क्रमांक दोन. त्यात जरा खडसावलंही, की विलंबाची जबाबदारी आपली राहील.

चार वाजता सायली आली आणि पडद्याकडं बघून मटकन खुर्चीत बसली.

"काका, हे नेटला न्हाई गेलं. साहेबांना गेलं!"

"कोणत्या साहेबांना?"

"समद्याच. एकतीस कचेऱ्या. बीडच्या मोठ्या साहेबांसकट."

"मंग परत बोलाव की गं!"

"मेल परत येत न्हाई, काका."

अंगदरावांच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईत त्यांनी चौथं पत्र सोडलं, "यापूर्वीची तिन्ही पत्रे कृपया वाचू नयेत." तोवर ती खरंच कुणी वाचली नव्हती. आता एकतीस कचेऱ्यांनी चहा बाजूला ठेवून वाचली.

दोन दिवस त्यांना घास गेला नाही. "निलंबन हाय हे," ते दिपालीबाईंना म्हणाले. "खोटं बोललो, ते बी लेखी, ते बी चार डाव. पोरीचं वरीस बुडवलं मी." आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दिपालीबाईंनी गुपचूप ताट झाकून ठेवलं.

गुरुवारी विजयसिंह साहेबांनी आत बोलावलं. बीडचा कागद आला होता. अंगदराव दाराची चौकट धरून उभे राहिले.

"वाचतो, ऐका," साहेब म्हणाले. "सर्व कार्यालयांनी कंबरदुखीने लंगडणाऱ्या कर्मचाऱ्यांची पायनिहाय माहिती विहित नमुन्यात सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे. विषय उपस्थित करणारे अंगदराव यांना समन्वयक नेमण्यात येत आहे. माहिती पूर्ण होईपर्यंत त्यांची वैद्यकीय तपासणी व बदली स्थगित." साहेबांनी चष्मा काढला. "कशापायी इचारलं, हे कुनी इचारलंच न्हाई बघा. आता बिगीबिगी गोळा करा. काम झालं की तुमी आष्टीला जायला मोकळे."

अंगदराव बाहेर आले ते हसत. पण नशीब बघा. ज्या कचेऱ्या साध्या पत्राला वर्षभर दाद देत नाहीत, त्यांना या पायांच्या कामात भलताच उत्साह आला. आठ दिवसांत तीस कचेऱ्यांची माहिती टेबलावर हजर! एकतिसावी उद्या येणार होती. धनश्रीची परीक्षा मार्चात, आणि हा तर नोव्हेंबर. अंगदराव पुन्हा कपाळाला हात लावून बसले.

मग त्यांनी सहज पहिला कागद उचलला. 'डाव्या पायाने लंगडणारे : तीन.' त्यांनी एकदा आपला डावा पाय बघितला, एकदा समोर बसलेल्या सायलीचा.

"सायली, लिही. अहवालात डावा पाय म्हटले आहे. तो कर्मचाऱ्याचा डावा की समोरून पाहणाऱ्याचा डावा, याचा बोध होत नाही. सबब सर्व कार्यालयांनी खुलाशासह माहिती फेरसादर करावी."

सायलीनं तोंडावर हात दाबून कसंबसं टाइप केलं. "मुदत किती दिवसांची टाकू, काका?"

"मुदत नको टाकू," अंगदराव म्हणाले. "एकेकाला नीट चालवून बघू दे त्यांना."