स्तोइनाची काथवट

नेवेनाने चष्मा काढला, गळ्यातल्या रुमालाच्या टोकाने पुसला आणि पाटी पुन्हा वाचली. अक्षरं काही बदलली नव्हती. ‘लाकडी डोण. डुकरांना खाणं घालण्यासाठी. गाव : गोर्ना लेस्का. देणगीदार : स्तामेन पेत्कोव्ह.’

स्तामेन तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याने आईचं घर आवरलं, तेव्हा त्यानेच येऊन सांगितलं होतं, की आईची पीठ मळायची काथवट सोफियाच्या संग्रहालयाने अगदी हात जोडून मागून नेली. त्या दिवसापासून नेवेना गावात मान ताठ करून हिंडत होती. पेन्शनर मंडळाची राजधानीची ही सहलही तिनेच आखली होती. मोठं चर्च, रोमन काळच्या भिंती, राजवाडा हे सगळं दुपारनंतर. आधी ‘स्त्रियांचा बाजार’ नावाच्या मंडईमागचं हे छोटं संग्रहालय. बसमधून उतरलेल्या एकवीस माणसांना तिने एका दमात दुसऱ्या मजल्यावर चढवलं होतं आणि सेंट जॉर्जच्या सणाला आईचा पाव कसा फुगायचा ते जिन्यातच सांगून टाकलं होतं.

आता ती एकवीस माणसं तिच्या मागे उभी राहून पाटी वाचत होती. पहिली बोलली ती गीना. गीनाची आईही पाव भाजायची आणि सणाला चर्चमध्ये पहिला पाव कोणाचा फोडायचा यावरून दोघींच्या आयांनी तीस वर्षं अबोला धरला होता.

“तरीच,” गीना म्हणाली. “लहानपणी मला वाटायचंच, या पावाला वास कसला येतो.”

नेवेना चाळीस वर्षं गावच्या टपाल कचेरीत खिडकीमागे बसलेली बाई. तिच्यासमोर मोठमोठ्यांनी रांग मोडली नव्हती. तिने गीनाला उत्तर दिलं नाही. ती सरळ दोरी ओलांडून आत गेली आणि पाटी उपटायला लागली.

घंटा वाजायला लागली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मोजा विणत बसलेली पहारेकरीण सुया हातात घेऊनच धावली. नेवेनाने तिला सांगितलं, ही माझ्या आईची काथवट आहे. पहारेकरणीने सांगितलं, कोणाची का असेना, आता ती सरकारची आहे आणि तुम्ही सरकारच्या डोणीवर गुडघा टेकला आहे. ‘डोण’ हा शब्द कानावर पडताच नेवेनाने तिथेच बैठक मारली. पाटी बदलल्याशिवाय उठणार नाही म्हणाली.

पाटी बदलायची तर लेखी अर्ज हवा, असं कळलं. अर्ज संचालकांच्या नावे, आणि संचालक रजेवर. त्यांच्या जागी एलित्सा नावाच्या बाई होत्या, त्या जेवायला गेलेल्या. तोवर चर्चची वेळ झाली. मंडळाचे अध्यक्ष घड्याळ दाखवायला लागले, तेव्हा नेवेनाने त्यांना सुनावलं की चर्च शंभर वर्षं जागचं हललं नाही, आजही हलणार नाही. मंडळात दोन तट पडले. निम्मे निघायचं म्हणत होते, निम्म्यांना आता पुढे काय होतं ते बघायचं होतं. शेवटी कोणीच हललं नाही. पायऱ्यांवर बसून त्यांनी चीज घातलेल्या बानित्सा पेस्ट्रीच्या पुड्या सोडल्या, आणि तिथे खायला मनाई आहे हे सांगायला पहारेकरणीला आणखी एकदा धावावं लागलं.

नेवेनाने जमिनीवर बसूनच भावाला फोन लावला. आईला तू डुकरांच्या रांगेत बसवलंस, ती म्हणाली, आणि वर आपलं नाव दिलंस.

स्तामेन हळूच म्हणाला, “ताई, पाटीला हात नको लावू. घरी ये, मग बोलू.”

“घरी कशाला? इथे एकवीस जण हसतायत माझ्या तोंडावर.”

“हसू दे गं. पाटीच तर आहे.”

तिने फोन बंद केला. लहानपणापासून हा असाच. शेजाऱ्याने कुंपण हात-दीड हात आत घेतलं तेव्हाही हा ‘कुंपणच तर आहे’ म्हणाला होता. आता तर तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

एलित्साबाई आल्या. तरुण, नम्र, केसात पेन्सिल खोचलेली. जमिनीवर बसलेली म्हातारी पाहून त्याही तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि काय झालं ते विचारलं. याने नेवेना जरा गडबडली. भांडायला दुसऱ्या बाजूने कोणीच नव्हतं. मग तिने आईबद्दल सांगायला सुरुवात केली. स्तोइना पहाटे उठायची, पिठावर क्रूस काढायची, बाहूंपर्यंत पीठ माखलेलं असायचं. दुष्काळाच्या वर्षी तिने या काथवटीत मळलेला पाव निम्म्या गावाने खाल्ला. काथवटीच्या काठावर खोल खाचा होत्या. त्यावरून नेवेनाने बोट फिरवलं. पीठ खरवडून काढायची लोखंडी पट्टी आई इथे आपटायची, पन्नास वर्षं एकाच जागी. हे सांगताना तिचा आवाज चिरकला, आणि आवाज चिरकला म्हणून ती आणखी चिडली.

एलित्साबाई त्या खाचांकडे बघत राहिल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. देणगीच्या कार्डावर ‘डुकरांची’ असंच लिहिलंय, पण ऐकण्यात चूक झाली असेल, त्या म्हणाल्या. गावातल्या लोकांनी साक्ष दिली तर पाटी आजच बदलता येईल.

वीस जणांनी सह्या केल्या. गीना मात्र हाताची घडी घालून उभी राहिली. नेवेना उठली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि फक्त एवढंच म्हणाली, “दुष्काळात तुमच्याही घरी पाठवला होता तिने पाव.”

गीनाने पेन घेतलं. सही केली आणि खाली आपल्या हाताने लिहिलं, ‘पाव चांगला व्हायचा. मीठ कमी.’

संध्याकाळी पाच वाजता नवी पाटी लागली. ‘पाव मळायची काथवट. स्तोइना पेत्कोव्हा यांनी पन्नास वर्षं वापरलेली. काठावर त्यांच्या पट्टीच्या खुणा.’ चर्च राहिलं, राजवाडा राहिला. राजधानीत जाऊन मंडळाने एक काथवट तेवढी पाहिली. परतीच्या बसमध्ये नेवेनाने पाटीचा फोटो सगळ्यांना दोनदा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावाच्या अंगणात हजर झाली. काय काय बोलायचं ते तिने रात्रीच ठरवून ठेवलं होतं. पण फोटो पाहताच स्तामेन मटकन लाकडाच्या ओंडक्यावर बसला आणि त्याची बायको दोंका कोंबड्यांना दाणे टाकण्याच्या निमित्ताने परसात निघून गेली.

मग एकेक बाहेर आलं. आजोबांनी एकाच खोडातून दोन कोरल्या होत्या, एक आईला पिठासाठी, एक डुकरांसाठी. आईची काथवट छपरातल्या गळतीने चिरली होती. त्या शरदात रकिया, म्हणजे फळांची दारू, गाळायची होती आणि जळण ओलं होतं. स्तामेनने ती भट्टीत घातली. पुढच्या आठवड्यात संग्रहालयाची गाडी आली. त्यांना गावातलं काहीतरी जुनं हवं होतं, म्हणून त्याने डुकरांची डोण घासूनपुसून दिली.

“पण मी खोटं नाही बोललो, ताई. डुकरांची म्हणूनच सांगितलं त्यांना. तुला तेवढं सांगायचा धीर नाही झाला.”

“आणि त्या खाचा?”

“आपला लंगडा डुक्कर होता ना. त्याचे दात.”

नेवेनाने हातातली पिशवी त्याच्या अंगावर फेकली. आईची काथवट दारूखाली जाळलीस, म्हणाली, मेलास तू मला. स्तामेनने खाली घरंगळलेली सफरचंदं एकेक गोळा केली. मग जमिनीकडे बघत तो पुटपुटला, की नाताळात त्याच रकियाचे तिने दोन पेले घेतले होते आणि यंदा चव काही और आहे म्हणाली होती. नेवेनाने त्याच्या हातातून पिशवी हिसकावली आणि सफरचंदं घेऊन ती तडक घरी गेली.

तीन रात्री तिला झोप नव्हती. खरं काय ते सांगणारी चार पत्रं एलित्साबाईंच्या नावे लिहिली आणि फाडली. चौथ्या दिवशी सकाळची बस पकडून ती एकटी सोफियाला गेली. टपालात गहाळ व्हायच्या गोष्टी तोंडी सांगाव्यात, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या मजल्यावर शाळेची एक तुकडी होती. त्यांच्या शिक्षिकाबाईंनी मुलांना दोरीशी अर्धवर्तुळात उभं केलं होतं आणि पाटी मोठ्याने वाचून दाखवत होत्या. मग म्हणाल्या, डोळे मिटा आणि वास घ्या. मुलांनी डोळे मिटले. दोन वेण्यांची एक मुलगी हळूच म्हणाली, ताज्या पावाचा वास येतोय. बाकीच्यांनाही लगेच यायला लागला. पहारेकरणीने नेवेनाला ओळखलं आणि एलित्साबाईंना बोलवायला उठली. नेवेनाने हातानेच तिला बसवलं.

बाईंचं लक्ष तिच्याकडे गेलं. “आजी, तुमच्याकडेही असायची का हो अशी?”

“दोन होत्या,” नेवेना म्हणाली. रागाने तिचे कान तापले होते आणि नेमका कोणाचा राग येतोय ते तिला सांगता आलं नसतं. समोर पाटीवर आईचं पूर्ण नाव होतं, छापील अक्षरात. हयातीत ते कुठे छापून आलं नव्हतं, आणि मेल्यावर फक्त विजेच्या खांबावर चिकटवलेल्या निधनाच्या कागदावर.

“दुसरी कुठे आहे मग?” वेण्यावाल्या मुलीने विचारलं.

“ती डुकरांची होती. माझ्या भावाने जाळली,” नेवेना म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “बरं केलं.”