बोडक्या डोक्याचे पाहुणे

हिरामण आबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझे वडील वारल्याबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली. वडील त्या वेळी धुळ्याला ओट्यावर बसून शेंगा फोडत असावेत. त्यांची तब्येत ठणठणीत होती.

झालं असं, की सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास माझी जळगावला बदली झाली आणि मी मेहरूणकडे भाड्याच्या खोल्या शोधत फिरत होतो. एका घराच्या ओसरीवर पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि कडक इस्त्रीची पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, त्यांचा चेहरा पडला आणि आवाज खाली उतरला.

"काबरं भाऊ, घरमा कोन वारनं? वडील का? फार वाईट व्हयनं."

"वडील आहेत ना!"

"मंग आई?"

"आईसुद्धा आहे. सगळे आहेत."

आबा जरा मागे सरकून बसले. "बठ्ठा शेतस? मंग डोकं काबरं उघडं?"

मी काही उत्तर देण्याआधी त्यांनी दाराशेजारच्या खुंटीवरची एक टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, ती नीट बसली का ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि मग म्हणाले, "हां. आते बोल, काय काम शे?"

खोल्या मला मिळाल्या. वरच्या मजल्यावर आम्ही नवरा-बायको आणि खाली आबा व त्यांची मुलगी उषा. आबांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती. आबा स्वतः रिटायर झालेले तलाठी. पारोळ्याकडच्या खेड्यातला जन्म. त्या गावात पुरुष टोपी काढायचा तो आंघोळीला, झोपेला आणि घरात सुतक असलं तर. आंघोळ-झोप कुणी रस्त्यावर करत नाही, तेव्हा रस्त्यात बोडका माणूस दिसला की सुतकच असणार, हा आबांचा हिशोब सरळ होता. अडचण एवढीच होती, की तोवर अख्खं जळगाव बोडकं झालं होतं.

पण आबांनी हिशोब बदलला नाही. दूधवाला, पोस्टमन, विजेचं मीटर बघायला येणारा, सगळ्यांना तो प्रश्न विचारला जाई आणि उत्तर काहीही आलं तरी खुंटीवरची टोपी डोक्यावर चढे. टीव्ही दुरुस्त करायला आलेला एक मेकॅनिक तर पांढऱ्या टोपीत छपरावर चढून अँटेना फिरवत होता. गल्लीतल्या लोकांना वाटलं, कुणी पुढारी मत मागायला थेट छपरावर गेलाय.

टोपीइतकाच आबांना टी-शर्टाचा प्रश्न पडायचा. छातीवर अक्षरं लिहिलेला कपडा त्यांना पटतच नसे. ज्याअर्थी माणसाने छातीवर लिहून घेतलंय त्याअर्थी ते त्याचं नाव असणार, असा त्यांचा समज. समोरच्या घरी आलेल्या एका पोराच्या छातीवरची इंग्रजी अक्षरं त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली आणि दोन दिवस सगळ्यांना विचारत राहिले, "तो शिकागो कोना पोऱ्या शे हो?"

हे सगळं हसण्यावारी जायचं. जात नव्हतं ते एकाच बाबतीत, उषाच्या लग्नाच्या.

उषा प्राथमिक शाळेत शिकवत होती. शांत, कामसू, सत्तावीस-अठ्ठावीसची. आबांच्या टोप्या धुणं, खळ घालणं, इस्त्री करणं सगळं तिच्याकडे. तिला बघायला माणसं यायची आणि बोडक्या डोक्याने उंबऱ्यात उभी राहायची. आबा आपल्या परीने आदरानेच, पण खोल गेलेल्या आवाजात विचारायचे, "काबरं पाव्हना, घरमा कोन वारनं?" शुभकार्यासाठी निघालेल्या माणसांना दारातच असं विचारल्यावर काय होणार? एका मुलाची आजी तर खरोखरच आजारी होती. ती मंडळी पाणीही न पिता निघून गेली. उषा आतून पोह्यांची बशी घेऊन यायची तेव्हा ओसरी रिकामी असायची.

म्हणून भुसावळचं स्थळ आलं तेव्हा तिने आदल्या दिवशी मला जिन्यात गाठलं. "भाऊ, एक काम कराल? उद्या त्यांना स्टेशनवरून तुम्ही घेऊन या. आणि येताना डोक्यावर काहीतरी असू द्या म्हणावं. काहीही चालेल."

मुलगा प्रदीप, भुसावळजवळच्या वीज केंद्रात नोकरीला. आईवडील नव्हते, मामांनी वाढवलेला. मामा म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. मी स्टेशनवर गेलो तर मामांच्या डोक्यावर करड्या रंगाची फेल्ट हॅट. माझा जीव भांड्यात पडला. प्रदीप मात्र बोडका. मी भीतभीत अडचण सांगितली. तो हसला, "एवढंच ना?" पण रविवार असल्याने टोपीचं दुकान बंद होतं. शेवटी ज्या जीपमधून आम्ही निघालो तिच्या ड्रायव्हरने आपली टोपी काढून दिली. कापसाच्या औषधाच्या कंपनीने फुकट वाटलेली, पुढे चोच असलेली हिरवी टोपी. तिच्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं, 'बोंडअळीचा कर्दनकाळ'.

आम्ही दारात पोचलो. आबांनी पाहिलं, दोन्ही डोकी झाकलेली. ते खूश होऊन उठले. आणि नेमकं त्याच क्षणी, उंबरा ओलांडताना, मामांनी अदबीने हॅट काढून काखेत धरली.

आबांचा चेहरा पडला. "काबरं मामा, घरमा कोन..."

"आबा!" मी खोकत ओरडलो. "मामांना बसायला खुर्ची देतो."

मामा खुर्चीवर बसले. आबांनी खुंटीवरची टोपी पुढे केली. मामांनी ती विनयाने बाजूला सारली. "नको नको. घरात डोक्यावर काही ठेवून बसणं म्हणजे घरच्या माणसांचा अपमान. आम्ही गोऱ्या साहेबांच्या हाताखाली शिकलोय. दारात पाऊल टाकलं की हॅट काढायची."

"अपमान?" आबा ताठ झाले. "हाई घर शे मामा, साहेबनी केबिन नही. साहेब तं कवयच गया. जातांना टोपी तुमना हातमा दी गया का?"

"रीत ती रीत, आबासाहेब."

"मन्ही बी रीतच शे."

हे चाललेलं असताना उषा पोहे घेऊन बाहेर आली. मान खाली होती, ती रिवाजाप्रमाणे एकदाच वर झाली. समोर धडधाकट तरुण, अंगात इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात मांडीवर, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा, आणि कपाळावर 'बोंडअळीचा कर्दनकाळ'. उषाने ओठ दाबले. बशी थरथरली. मग ती जी हसली, ती पोह्यांची बशी तशीच खाली ठेवून तोंडाला पदर लावून आत पळाली आणि आतूनही तिचं हसणं ऐकू येत राहिलं. प्रदीपला आधी कळेना काय झालं. त्याने टोपी काढून वाचली आणि तोही हसत सुटला.

"घाल, घाल, डोकावर घाल," आबा म्हणाले. पण मामा उठले होते. "आम्ही विचार करून कळवतो." हे वाक्य त्या ओसरीने पुष्कळदा ऐकलं होतं.

मंडळी गेल्यावर आबा येरझाऱ्या घालू लागले. "मन्हा घरमा ईसन माले रीत शिकाडस! गार्ड व्हता ना, झेंडी दाखाडी निंघी गया. जाऊ दे. दुसरा दखू."

उषा बशा उचलत होती. ती आबांना कधी उलटून बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही आवाज चढवला नाही. म्हणाली, "आबा, दुसरा नका बघू आता. ह्यालाच हो म्हणावंसं वाटलं होतं मला." आणि बशा घेऊन आत गेली.

आबा खुर्चीवर बसले ते दिवेलागणीपर्यंत बसून राहिले.

पुढचे काही दिवस ओसरीवरून कुणालाही कुणाचं निधन विचारलं गेलं नाही. दूधवाला बोडका आला आणि बोडकाच गेला. तो मला काळजीने म्हणाला, "आबांची तब्येत बरी आहे ना?" मग एका सकाळी आबा जिना चढून वर आले. लग्नाला घालायची ठेवणीतली टोपी घातलेली. "भाऊ, भुसावळले येस का मन्हासंगे? उषीले सांगू नको."

पॅसेंजरमध्ये ते दर स्टेशनाला टोपी चाचपत राहिले.

मामांचं घर स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर होतं. दार प्रदीपनेच उघडलं. रात्रपाळी करून आलेला, अंगात बनियन, खाली गुडघ्याच्या वर राहणारी फुलाफुलांची अर्धी चड्डी. आबांची नजर त्या फुलांवर पडली आणि मी डोळे मिटले. प्रदीप "या, या" म्हणत घाईघाईने आत पळाला. मला वाटलं, पँट घालायला गेला. तो परत आला तेव्हा चड्डी तीच होती, फक्त डोक्यावर मामांची रेल्वेतली लोकरी कानटोपी चढली होती. मे महिना होता. बिचाऱ्याने आबांच्या दृष्टीने जे महत्त्वाचं ते आधी झाकलं होतं.

मामा आतल्या खोलीतून आले, कपाळाला आठी घालूनच. "बसा," म्हणाले आणि स्वतः खुर्चीत टेकले.

आबा बसले नाहीत. उंबऱ्याच्या आत उभे राहून त्यांनी हात वर केला आणि टोपी काढली.

इतके महिने एका घरात राहून मी आबांचं डोकं पाहिलं नव्हतं. जिथवर टोपी असायची तिथवर कपाळ गोरं, त्याखाली उन्हाने रापलेलं. विरळ पांढरे केस टोपीच्या घामाने चिकटलेले. त्यांना टोपी कुठे ठेवावी कळेना. खुंटी दारामागे होती, ती दिसली नाही. ते इकडेतिकडे बघत पुढे आले आणि वाकून त्यांनी ती मामांच्या खुर्चीसमोरच्या बुटक्या स्टुलावर, म्हणजे अगदी मामांच्या पायांशी ठेवली.

मामा ताडकन उठले. मुलीच्या बापाने मुलाकडच्यांच्या पायाशी टोपी ठेवायची म्हणजे काय, हे साहेबाच्या हाताखाली शिकलेल्या माणसालाही सांगावं लागत नाही.

"अहो आबासाहेब! हे काय करता! लाजवता काय मला?" त्यांनी टोपी उचलली आणि आबांच्या डोक्यावर ठेवली, तीही आडवी. "मी एवढा वाईट माणूस वाटलो तुम्हाला? मुलगी पसंत आहे हो आम्हाला. हा तर त्या दिवसापासून धड जेवत नाही."

कानटोपीतला प्रदीप भिंतीकडे बघू लागला.

आबा गोंधळले होते. "नही हो मामा, तसं नही. तुम्हना घरमा टोपी काढतस ना... तुम्ही म्हंता ना त्या दिवशी... म्हनीसन काढी."

मामांना आता कळलं. त्यांनी हसायला सुरुवात केली, पण मध्येच रुमाल काढून डोळे पुसले. दारामागे जाऊन खुंटीवरची आपली फेल्ट हॅट आणली, डोक्यावर घातली आणि आबांसमोर बसले. मामी चहा घेऊन आल्या तेव्हा घरात बसून हॅट घातलेला नवरा बघून त्या दारातच थबकल्या. "कुठे निघालात?" म्हणून विचारलं त्यांनी.

"कुठे नाही," मामा म्हणाले. "व्याह्यांबरोबर चहा घेतोय."

लग्नाची बोलणी त्याच बैठकीत झाली. निघताना प्रदीप पाया पडला. आबांनी त्याच्या कानटोपीवर हात ठेवला आणि म्हणाले, "काढ रे बापा ती. घाम ई राह्यना."

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. मी विचारलंच. "आबा, खरं सांगा. त्यांच्या रीतीसाठी काढली होती की...?"

आबा खिडकीतून केळीच्या बागा बघत होते. "माले बी ठाऊक नही," ते म्हणाले. "दारमा उभा राह्यनू आन हात वर गया." मग म्हणाले, "त्या दिवशी उषी हासनी ना रे. तिनी माय गयी तवयपासून मी तिले तसं हासतांना दखेल नव्हतं. मी तठे मामासंगे भांडी राह्यंतू, पन कान आतमा व्हता मन्हा."

जळगाव आलं. आम्ही उतरलो. मी पुलाच्या जिन्याकडे निघालो, तर आबा मागेच राहिले होते. फलाटावरच्या बाकावर बसले होते.

"थकलात का?"

"नही. बस जरासा."

मी शेजारी बसलो. समोरच्या रुळावरून एक लांबलचक मालगाडी चालली होती. तिच्या आवाजात ते काहीतरी म्हणाले, ते मला नीट ऐकू आलं नाही. मी कान जवळ नेला.

"म्हंतू, आते ती जाई."

"हो, जाईल की आबा. पण भुसावळ काय लांब आहे? अर्ध्या तासाचा रस्ता."

"लांब नही शे," आबा म्हणाले.

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. फलाट एकदम शांत झाला. आबांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि सावकाश उठले.

"चाल," म्हणाले, "पोर वाट दखी राह्यनी व्हई."